चौथी पुडी

वेरूळ,
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय अनवरी,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, फक्त माझा आवाज बसलाय. फोन केला असता तर पलीकडं कुणी पत्र्यावर खिळा घासतंय असं वाटलं असतं तुला. आणि मोबाईलवर एका बोटानं टाइप करायला बसले, तर नवं लेणं खोदून होईल पण माझा निरोप पुरा व्हायचा नाही. आज मंगळवार, लेणी बंद, म्हणून निवांत कागद-पेन घेऊन बसले आहे.

गणपतीपासून घसा असाच आहे. डॉक्टरांना दाखवलं. आवाजाला विश्रांती द्या, म्हणाले. सत्तावीस वर्षं लेणी दाखवून पोट भरणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं आहे! तेही ऐन हंगामाच्या तोंडावर. व्यंकटराव गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, लेक हिमानी तिकडं पुण्यात. माझं सगळं बोलणं लेण्यांत. तेच बंद केलं तर मी करायचं काय?

कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझा घसा धरला होता, आठवतं? तुझ्या अब्बांनी त्यांच्या जडीबुटीच्या दुकानातून बाभळीची साल दिली होती. मला दुसरा नंबर मिळाला. पहिला तुला, तोही माझ्या मातृभाषेत, हे मी अजून विसरलेले नाही. तीच साल मला हवी आहे. आमच्या गावचा कृष्णा त्याची काळीपिवळी जीप घेऊन रोज शहागंजला येतो. त्याच्याकडं दे.

तुझी,
मीना

शहागंज, छत्रपती संभाजीनगर,
शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मीने,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. दुसरा नंबर तुला सालीमुळं नाही, अर्धं भाषण विसरल्यामुळं मिळाला होता. अब्बांच्या औषधाला उगाच नावं ठेवू नकोस.

साल पाठवते आहे. दहा दिवसांची पुडी आहे. बिडकीनच्या अलीकडं गोजरबाईचा बांध आहे, तिच्या बाभळीची ही साल. सगळीकडं कारखान्यांचे पत्रे उभे राहिले, पण म्हातारीनं झाड राखलंय. कोवळ्या फांदीची साल काढते, तीही एकाच अंगानं. "चहूबाजूंनी सोललं की झाड उभ्या उभ्या मरतंय बाई," असं मला दर वेळी ऐकवते. वरची काळी खरवडून आतली लाल तेवढी ठेवली आहे. दोन पेले पाण्यात टाकून एक पेला होईपर्यंत उकळ आणि कोमट असताना गुळण्या कर, सकाळ-संध्याकाळ. तोंड तुरट होईल, कुरकुर करू नकोस. सोबत थोडा डिंकही आहे, त्याच झाडाचा. तो नुसता चघळ. साल घसा आवळते, डिंक मऊ करतो.

पुडीवर लाल शाईनं १ लिहिलाय, तो अब्बांच्या रिवाजानं. आमच्या दुकानात तीन पुड्या मागाल तशा मिळतात. चौथी पुडी माणसाचं तोंड पाहिल्याशिवाय देत नाहीत. मोठमोठे वकील यायचे, तरी अब्बा म्हणायचे, "पेशंटला आणा." तुझ्यावर ती वेळ येणार नाही म्हणा. त्याआधीच किंचाळायला लागशील.

शेजारच्या दुकानातले मजीदभाई म्हणतात, या जमान्यात पत्र कोण लिहितं? मी त्यांना तुझं पत्र दाखवलं नाही. दोनदा वाचलं मात्र.

अनवरी

वेरूळ,
मंगळवार, ३ डिसेंबर

प्रिय अनवरी,

अगं, तुझ्या सालीनं कमाल केली! पहिले दोन दिवस नुसतं तोंड वाकडं होत होतं. तिसऱ्या दिवसापासून घशातली आग थांबली. आता सकाळी गुळण्या करून निघते, थर्मासमध्ये काढा नेते, दुपारी जेवणाआधी परत करते. आवाज तीन वाजेपर्यंत टिकतो.

परवा साताऱ्याच्या शिक्षिका आल्या होत्या. दहा नंबरच्या लेण्यात मी नेहमी काय करते ते तुला माहीतच आहे. तिथलं छत कमानीचं, दगडी फासळ्यांचं. सगळ्यांना गप्प करायचं आणि एक लांब सूर लावायचा. तो वर जातो, फिरतो, आणि मोठा होऊन परत येतो. गेले दोन महिने ते जमत नव्हतं. परवा जमलं, अनवरी! जरासा फाटका होता, पण सूर लागला. एक बाई चक्क डोळे पुसत होती. सत्तावीस वर्षं मी त्या एका क्षणासाठी पायऱ्या चढते, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

पुडी संपली. दुसरी पाठव.

मीना

शहागंज,
शुक्रवार, ६ डिसेंबर

मीने,

दोन आणि तीन नंबरच्या पुड्या एकदमच पाठवते. हंगाम आहे, तुझी धावपळ नको.

गोजरबाईला तुझ्या सुराबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या बाभळीनं बाई गाया लागली व्हय?" लई खूश झाली. पुढच्या वेळी तिला लेणी दाखवायला आणणार आहे, तयारीत राहा.

तुझं पत्र गल्ल्याच्या काचेखाली ठेवलंय. अब्बांनंतर मला कुणी कागदावर लिहिलेलं नाही. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की मी आता कृष्णाच्या गाडीचा हॉर्न ऐकत बसते. साठीला आलेल्या बाईला हे शोभतं का?

अनवरी

वेरूळ,
मंगळवार, ३१ डिसेंबर

प्रिय अनवरी,

अगदी शोभतं.

नाताळात गर्दी इतकी होती की कैलास लेण्यात हत्तीला धक्का लागेल असं वाटत होतं. बोलून बोलून घसा परत जरा धरलाय. चौथी पुडी हवी. तुझा रिवाज मला ठाऊक आहे, पण हंगाम सोडून शहरात कशी येऊ? म्हणून सोबत फोटो पाठवते. तोंड बघायचंय ना? हे घे तोंड. अब्बांच्या रिवाजात समोर उभं राहायला हवं असं कुठं आहे? बघ, कशी टवटवीत आहे!

नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

मीना

शहागंज,
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

मीने,

वकिलांना जमलं नाही ते तू जमवलंस. फोटो पाहिला. गाल भरलेत, हातात त्या घट्ट बांगड्या, अगदी माहेरवाशीण दिसतेस. चौथी पुडी पाठवते आहे. अब्बा असते तर दोघींनाही दुकानाबाहेर काढलं असतं.

फोटो काचेखाली ठेवलाय, पत्रांशेजारी.

अनवरी

वेरूळ,
मंगळवार, १४ जानेवारी

प्रिय अनवरी,

तिळगूळ पाठवते आहे. गोड बोलायचं ते यंदा तूच बोल, माझ्याच्यानं बोलवत नाही.

पुडी आहे तोवर बरं वाटतं, संपली की तिसऱ्या दिवशी घसा पुन्हा होता तसा. म्हणून या वेळी दोन पाठव, पाच आणि सहा. आणि हो, तुमच्याकडं कानाला काही आहे का? डाव्या कानात आठवडाभर ठणका आहे. थंडीनं असेल. लेण्यांत वारा फार लागतो. गिळताना जास्त जाणवतं इतकंच.

बाकी झकास.

मीना

शहागंज,
शुक्रवार, १७ जानेवारी

मीनाक्षी,

या पुडीवर ५ लिहिलंय. उघडून बघ. आत काही नाही.

कृष्णा परवा तुझं पत्र द्यायला आला तेव्हा त्यानं काचेखालचा फोटो पाहिला. म्हणाला, "ह्यो तर गेल्या सालचा फोटू हाय. म्याच काढला व्हता. आता म्याडम लई वाळल्यात. पाणी पिताना बी थांबत्यात." मी त्याला चहा न विचारता घालवलं. मग तुझं पत्र उघडलं, तर त्यात कान.

तुला एक गोष्ट सांगते. अम्मीचा आवाज बसला तेव्हा मी बारा वर्षांची होते. अब्बा तिला रोज संध्याकाळी हीच साल उकळून द्यायचे. तिला आराम पडायचा. आराम पडतो, सालीचा गुण तोच आहे. पण आत काय चाललंय ते साल सांगत नाही. दुकानात आलेल्या परक्या माणसाला अब्बा जीभ दाखव म्हणायचे, भूक लागते का, झोप लागते का, वजन उतरलं का, दहा सवाल करायचे. घरातल्या बाईला त्यांनी एकही केला नाही. आपलीच तर आहे, दुखलं तर सांगेल. मग अम्मीनं सांगितलं, कान दुखतो. अब्बांनी कानात कोमट तेल घातलं. अकरा महिन्यांनी मुंबईला नेलं, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "इतके दिवस कुठं होता?"

चौथ्या पुडीचा रिवाज त्यानंतरचा आहे. मी तुला तो गमतीत सांगितला. त्यात गंमत काही नव्हती.

आणि मी काय केलं? अब्बांनी केलं तेच. माझीच तर आहे, म्हणून विचारलं नाही. डॉक्टरांनी तुला नक्की काय सांगितलं, मीनाक्षी? ही पुडी भरून हवी असेल तर स्वतः ये.

अनवरी

वेरूळ,
रविवार, १९ जानेवारी

अनवरी,

रिकामी पुडी मिळाली. असा पाणउतारा माझा आजवर कुणी केला नव्हता. तुझ्या अम्मीचं वाचून वाईट वाटलं, पण मी तुझी अम्मी नाही. मला थंडी बाधली आहे. बाभूळ काही एकट्या गोजरबाईच्या बांधावर उगवत नाही. घरामागं ओढ्याकाठी चार झाडं आहेत, साल मी माझी काढून घेईन.

हंगाम संपेपर्यंत मला लिहू नकोस. मला काम आहे.

मीनाक्षी ठोसर

वेरूळ, लेण्यांच्या फाटकाजवळ,
शनिवार, २५ जानेवारी

मीने,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून सकाळी तिकीट काढून आले. हे पत्र चहाच्या टपरीवर बसून लिहिते आहे, कृष्णा तुला देईल.

दुपारी मी तुझ्या गटात होते. काळा बुरखा, तोंडावर मास्क. तू माणसं मोजलीस आणि बावीस म्हणालीस. तेविसावी मी. तू नेहमी मागच्या माणसाशी बोलतेस, आज पुढच्या दोघांनाच ऐकू जात होतं. दर पायरीला कठड्याला हात लावत होतीस. दहा नंबरच्या लेण्यात तू सगळ्यांना गप्प केलंस. हात वर केलास, तोंड उघडलंस. मग एका कॉलेजच्या मुलीला म्हणालीस, "बाळा, तूच लाव सूर."

तिनं लावला. सगळे वर छताकडं बघत होते. मी तुझ्याकडं बघत होते. तू खांबाकडं तोंड फिरवलंस आणि पदर डोळ्यांना लावलास. बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत गेली. मला तिथंच तुला हाक मारावीशी वाटली. पण गटासमोर तुला ते सहन झालं नसतं, म्हणून निघून इथं टपरीवर आले.

तोंड पाहिलं, मीने. रिवाज पुरा झाला. आता पाचवी पुडी देणं मला भाग आहे. पण ती कृष्णाच्या हाती देणार नाही. मंगळवारी तुझी सुट्टी. अठ्ठावीस तारखेला सकाळी नऊ वाजता मोठ्या सरकारी दवाखान्याच्या दारात मी पुडी घेऊन उभी राहीन. नंबर लावायला कृष्णा पहाटेच जाणार आहे, त्यानं स्वतःहून कबूल केलंय.

आवाज गेला तर काय, असं तू विचारशील. मला माहीत आहे, तू त्यालाच भितेस. आवाज गेला तर आपण पत्रं लिहू. पण तू गेलीस तर मी कुणाला लिहू?

अनवरी

तुझ्याच घरातून, मागच्या खोलीतून,
मंगळवार, १८ मार्च

प्रिय अनवरी,

तू स्वयंपाकघरात आहेस आणि मी इथं, मध्ये एक पडदा. पण डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, आणि हे मला पाटीवर खडूनं लिहायचं नाही. तुझ्या नातवाच्या, मुनीबच्या वहीतला कागद फाडून घेतला आहे. त्याची आई खुशनुमा ओरडली तर मधे पड.

त्या मंगळवारी दवाखान्याच्या दारात तू दिसलीस तेव्हा मी परत फिरणार होते. नंबर लावून दारात आलेल्या कृष्णानं गाडीची किल्लीच खिशात घातली होती, म्हणाला, "आता कुटं बी न्यायचं नाय." म्हणून आले. तू पुडी हातात दिलीस आणि माझी पिशवी घेतलीस.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. डॉक्टरांनी सप्टेंबरातच चिठ्ठी दिली होती. दुर्बिणीतून तपासून घ्या, तुकडा काढावा लागेल, उशीर करू नका. ती चिठ्ठी मी घडी घालून गाईडच्या ओळखपत्रामागं, प्लास्टिकच्या पाकिटात सरकवली. पाच महिने गळ्यात घालून फिरत होते. लोकांना लेण्यांतला एकूणएक दगड समजावून सांगितला आणि गळ्यातला कागद वाचायचा मला धीर झाला नाही. तुझ्या सालीनं आराम पडायचा तेव्हा वाटायचं, बघ, काही नाही. मी तुला फसवलं, अनवरी. फोटोनं तर फसवलंच. मला क्षमा कर.

आज शेकाची, म्हणजे रेडिएशनची, सोळावी बैठक झाली. एकूण तेहतीस. डॉक्टर पुन्हा म्हणाले, गाठ एकाच स्वरतंतूवर होती, लहान होती, वेळेत आलात. आवाज बराचसा परत येईल. मी त्यांना सालीची पुडी दाखवली. त्यांनी हुंगली, काय काय आहे ते विचारलं. शेकानं जळजळ होते तिला गुळण्या करा, गिळू नका, आणि आमच्या औषधाच्या जागी हे नाही, असं बजावलं. तुझ्या अब्बांचं आणि त्यांचं चांगलं जमलं असतं.

तू रोजा धरून माझ्यासाठी पेज ढवळतेस आणि मी तुझ्यासमोर बसून ती खाते, याची मला लाज वाटते. हिमानी शनिवारी येईल. तिलाही सगळं सांगितलं, आधी रडली, मग तुझा नंबर मागून घेतला.

मीना

स्वयंपाकघरातून,
तोच दिवस

मीने,

पेज निवते आहे, आधी ती खा. लाज नंतर.

फसवल्याचं म्हणतेस, तर माझंही ऐक. त्या फोटोतल्या घट्ट बांगड्या बघून मला तेव्हाच खटकलं होतं. चार महिने घसा धरलेली बाई इतकी गुबगुबीत कशी? पण चौथी पुडी नाकारली असती तर तू रुसली असतीस आणि पत्रं थांबली असती. मला पत्रं हवी होती. म्हणून मी फोटो खरा मानला. अब्बांचा रिवाज मी तुझ्या हट्टापायी मोडला नाही, माझ्या लालचेपायी मोडला. हे मी अडीच महिने मनात ठेवलंय.

आता दोघी सुटलो. सहावी पुडी उकळायला ठेवली आहे. गिऱ्हाईक समोर बसलंय, त्यामुळं अब्बांची हरकत नाही.

अनवरी

वेरूळ,
बुधवार, ४ जून २०२५

प्रिय अनवरी,

सोमवारी डॉक्टरांनी परत दुर्बिणीतून पाहिलं. घसा स्वच्छ आहे. दर महिन्याला यायचं, ते मी येईन. ओळखपत्रामागची जुनी चिठ्ठी काढून तिथं पुढच्या तारखेची ठेवली आहे, या वेळी अक्षरं बाहेरून दिसतील अशी.

दिवसाला पंधरा मिनिटं बोलायची परवानगी मिळाली आहे. पंधरा मिनिटांत वेरूळ होत नाही. म्हणून आज मी एकच लेणं घेतलं, दहा नंबरचं. दुसऱ्या गाईड, मोनाली, त्यांनी आपला गट माझ्या हवाली केला. उन्हाळ्यामुळं माणसं फक्त नऊ होती. सगळ्यांना गप्प केलं. मला इतकी भीती तर पहिल्या दिवशीही वाटली नव्हती.

मग सूर लावला. पूर्वीचा नाही गं. जुन्या पेटीतून हवा निसटते तसा आहे, आणि खालच्या पट्टीत. पण तो वर गेला, फिरला, आणि परत आला. मी डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते, कारण मीच रडत होते.

गोजरबाईला आणायचं कबूल केलं होतंस, ते विसरू नकोस. त्यांना पायऱ्या झेपणार नाहीत, पण दहा नंबरपर्यंत मी हाताला धरून नेईन.

सोबत फोटो आहे. आजचाच. गळ्याची कातडी काळवंडलेली दिसेल, केस पिकलेले दिसतील, बांगड्या अजून सैल आहेत. कृष्णानंच काढला आणि दुकानातून छापून आणला. मागं तारीख घालून खाली सहीसुद्धा ठोकली आहे. म्हणाला, "मागल्या येळेला माझ्या फोटूनं घोटाळा केला. आता साक्षीदार म्हणून सही करूनच देतो."

आणि पाच नंबरची ती रिकामी पुडी परत पाठवते आहे. इतके दिवस ती माझ्या पर्समध्ये होती. तिच्यात साल भरू नकोस, घसा आता दुखत नाही. पत्र घालून पाठव.

तुझी,
मीना